भव्यतेचा मोह, भव्यतेचे मोल

संध्याकाळ कलू लागलेली असते. शहराच्या कडेच्या मोठ्या मैदानावर लाकूड, लोखंड आणि रंगविलेल्या कापडाचा एक किल्ला उभा असतो. समोर हजारो माणसे. आजीपासून मांडीवरच्या नातवापर्यंत कुटुंबेच्या कुटुंबे आलेली. नगारा वाजतो, मशाली पेटतात, घोड्यांच्या टापा ऐकू येतात आणि मग संथ पावले टाकीत एक हत्ती प्रकाशात येतो. क्षणभर सारे मैदान निःशब्द होते. दुसऱ्याच क्षणी टाळ्यांचा कडकडाट. बाबासाहेब पुरंदरे यांच्या 'जाणता राजा' या महानाट्याच्या प्रयोगांत हा अनुभव महाराष्ट्राने वर्षानुवर्षे घेतला. ऐंशीच्या दशकात सुरू झालेल्या या महानाट्यात दोनशेहून अधिक कलावंत आणि हत्ती, घोडे, उंट असा लवाजमा असे. त्याचे हजाराहून अधिक प्रयोग झाले आणि ते महाराष्ट्राबाहेरही पोहोचले.

येथे एक प्रश्न पडतो. संगणकाच्या साहाय्याने पडद्यावर हजार हत्तींचे सैन्य उभे करणे आज अवघड राहिलेले नाही, आणि ते घरच्या दिवाणखान्यात बसून पाहता येते. मग एका हत्तीसाठी मैदानावरच्या थंडीत तीन तास बसावे, असे माणसांना का वाटते? बुद्धिनिष्ठ समीक्षक ज्याला 'नुसता डामडौल' म्हणून निकालात काढतात, त्या डामडौलात असे काय असते की पिढ्यान्‌पिढ्या प्रेक्षक त्याच्याकडे ओढला जातो? आणि या भव्यतेची किंमत नेमकी कोण मोजतो?

राळेचा भपका, राक्षसांची आरोळी

मराठी रंगभूमीचा जन्मच मुळी दिपवून टाकण्याच्या हौसेतून झाला, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये. १८४३ मध्ये सांगली येथे विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' रंगविले, तेव्हा त्यांच्याजवळ आजच्या अर्थाने नेपथ्य नव्हते. परंतु मशालीवर राळ फेकून उठविलेला आगीचा लोळ होता, रंगविलेल्या मुद्रांचे राक्षस होते आणि त्यांच्या आरोळ्या होत्या. या आरोळ्यांवरूनच त्या काळच्या पौराणिक नाटकांना पुढे थट्टेने 'अललडुर्र' नाटके म्हटले जाऊ लागले. थट्टा करणाऱ्यांना त्यातला भडकपणा दिसला. प्रेक्षकांना मात्र भीतीचा तो शहारा हवा होता. दिव्यांच्या मंद उजेडाला सरावलेल्या डोळ्यांना राळेचा एक भपकाही अलौकिक वाटत असे.

त्याच सुमारास मुंबईत पारशी नाटक मंडळ्या भरभराटीला येत होत्या. रंगविलेले पडदे, जमिनीतून अवचित वर येणारी किंवा आकाशातून उतरणारी पात्रे, क्षणार्धात बदलणारी दृश्ये हे त्यांचे वैशिष्ट्य. पुण्यात अशाच एका मंडळीचे 'इंद्रसभा' पाहून अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या मनात मराठी संगीत नाटकाची कल्पना आली, असे सांगितले जाते. १८८० मध्ये त्यांचे 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आले. पडद्यांची चित्रकारी तर पुढे इतकी महत्त्वाची ठरली की, कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे बंधू नाटकांच्या पडद्यांसाठी नावाजले गेले. पुढे बाबूराव पेंटर चित्रपटनिर्मितीकडे वळले, यातही एक सुसंगती आहे. प्रेक्षकाला दुसऱ्या जगात नेण्याची जी हौस पडद्यावर रंगविली जात होती, तीच पुढे पडद्यावर हलू लागली.

कोकणातल्या दशावताराचेही उदाहरण येथे पाहण्यासारखे आहे. एक बाकडे, मागे एक पडदा आणि पेटी-मृदंग-झांजेची साथ एवढ्यावर रात्र जागविणारी ही लोककला. पण सिंधुदुर्गातल्या जाहिरातींत 'ट्रिकसीनयुक्त' हा शब्द रूढ झाला, त्यालाही बराच काळ लोटला आहे. देवीचे प्रकट होणे, नागाचे फूत्कारणे, डोके धडावेगळे होणे अशा चमत्कृतींची जोड परंपरागत खेळाला मिळाली. जाणकारांनी त्याविषयी नाके मुरडली, तरी गर्दी त्या पाटीकडे वळली. भव्यतेची ओढ शहरी किंवा पाश्चात्त्य आहे, हा समज यावरून तरी दूर व्हावा.

गंधर्वांचे वैभव

रंगभूमीवरील वैभव म्हटले की मराठी मनाला आजही पहिल्याने आठवते ती गंधर्व नाटक मंडळी. १९१३ मध्ये बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांनी ती स्थापन केली. 'स्वयंवर' (१९१६), 'एकच प्याला' (१९१९), 'द्रौपदी' (१९२०) अशी नाटके या मंडळीने गाजविली. बालगंधर्वांचा आग्रह असा की, रंगमंचावरचे सारे अस्सल हवे. भरजरी शालू अस्सल, अत्तर अस्सल, साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवाँ यांच्यासारखे कलावंत. 'द्रौपदी'साठी उभारलेल्या मयसभेवर तर पाण्यासारखा पैसा ओतण्यात आला.

या अस्सलपणाचे आकर्षण कशात होते? पुण्या-मुंबईच्या, नागपूर-अमरावतीच्या मध्यमवर्गीय प्रेक्षकाला राजवाड्याचे दार कधी उघडणार नव्हते. नाटकाच्या तिकिटाने ते काही तासांपुरते उघडत असे. नायिकेच्या अंगावरच्या शालूची चर्चा घरोघर होई. बालगंधर्वांची लुगडे नेसण्याची, गजरा माळण्याची ढब स्त्रिया उचलीत. प्रेक्षागृहात दरवळणारे अत्तर श्रीमंत आणि गरीब दोघांच्याही नाकाशी सारखेच येत होते. वैभव पाहणे म्हणजे त्या वैभवात काही काळ सहभागी होणे, ही भावना भव्य नाटकाच्या मुळाशी तेव्हाही होती आणि आजही आहे.

पण हिशेबाच्या वहीला ही भावना कळत नाही. मंडळीचे उत्पन्न मोठे, तसा खर्च त्याहून मोठा. कर्जाचा डोंगर उभा राहिला. तो फेडण्यासाठी वर्षानुवर्षे गावोगाव प्रयोग करावे लागले. १९३१ मध्ये 'आलम आरा'ने हिंदी आणि १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा'ने मराठी बोलपटाचा प्रारंभ केला, तेव्हा नाटक मंडळ्यांच्या पायाखालची वाळू सरकली. जे दृश्यवैभव नाटकवाले हजारो रुपये ओतून एका गावात एका रात्री दाखवीत, ते बोलपट एकदा चित्रित करून शेकडो गावांत काही आण्यांत दाखवू लागला. १९३५ मध्ये प्रभातच्या 'धर्मात्मा'मध्ये बालगंधर्व स्वतःच पडद्यावर आले, पुरुषाच्या भूमिकेत. रंगभूमीच्या सम्राटाला कॅमेऱ्यासमोर उभे करणारी ही घटना व्यक्तिगत तशीच एका युगाच्या अर्थकारणाचीही होती.

कथेला थांबविणारी आणि कथेला पळविणारी भव्यता

बोलपटाच्या आक्रमणानंतर मराठी नाटकाने निराळी वाट धरली. ललितकलादर्शच्या 'सत्तेचे गुलाम'मध्ये दिवाणखान्याचे वास्तव नेपथ्य त्याआधीच, १९२२ मध्ये, आले होते. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतरने 'आंधळ्यांची शाळा' सादर करून वास्तवदर्शी वळण अधिक पक्के केले. राजवाडे मागे पडले. तीन भिंतींचा दिवाणखाना आला. परंतु दृश्याची जादू संपली नाही. तिने केवळ रूप बदलले.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे आचार्य अत्रे यांचे 'तो मी नव्हेच'. १९६२ मध्ये आलेल्या या नाटकाचे दिग्दर्शन मो. ग. रांगणेकर यांनी केले आणि त्यासाठी फिरता रंगमंच वापरण्यात आला. न्यायालयात एकेक साक्षीदार उभा राहतो आणि रंगमंच फिरताच त्याच्या साक्षीतली घटना डोळ्यांसमोर घडू लागते. प्रभाकर पणशीकर नव्या वेशात, नव्या नावाने, नव्या बोलीत उभे ठाकतात. फिरता रंगमंच ही नवलाई होतीच. लोक ती पाहायला येत. पण ती नवलाई नाटकाच्या आशयाशी एकजीव झालेली होती. सतत रूप पालटणाऱ्या भामट्याच्या कथेला सतत फिरणारी भूमी यापेक्षा अधिक समर्पक काय असणार?

फिरत्या रंगमंचाचे मूळ जपानच्या काबुकी रंगभूमीत आहे. ओसाका येथे १७५८ मध्ये नामिकी शोझो या नाटककाराने तो परिपूर्ण स्वरूपात आणला. दोनशेहून अधिक वर्षांनी, १९८५ मध्ये, लंडनच्या 'ले मिझराब्ल' या संगीतिकेत अशाच फिरत्या मंचावर पॅरिसच्या बंडखोरांचा मोर्चेबांध उभा राहिला. मोर्चेबांध फिरतो आणि पलीकडच्या बाजूला पडलेली प्रेते दिसतात. एकही शब्द न उच्चारता पराभव कळतो.

येथे भव्यतेचे दोन प्रकार स्पष्ट होतात. एक भव्यता कथेला थांबविते. पडदा उघडतो, प्रेक्षक मयसभा पाहतो, टाळ्या वाजवितो आणि मग नाटक पुढे सरकते. दुसरी भव्यता स्वतःच कथा सांगते. पहिल्या प्रकारात विस्मय असतो, पण तो दुसऱ्या वेळी निम्मा होतो आणि तिसऱ्या वेळी उरत नाही. दुसऱ्या प्रकारातला विस्मय अर्थाला चिकटलेला असल्यामुळे पुनःपुन्हा जागा होतो. १९८८ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आलेले 'द फँटम ऑफ द ऑपेरा' १६ एप्रिल २०२३ रोजी थांबले, तोवर त्याचे १३,९८१ प्रयोग झाले होते. त्यातले प्रचंड झुंबर कोसळणार हे प्रत्येक प्रेक्षकाला ठाऊक असे. तरीही ते कोसळताना तो श्वास रोखून धरीत असे, कारण त्या झुंबराबरोबर एका झिडकारलेल्या माणसाचा संतापही खाली येत होता.

खरेपणाचा थरार

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. पडद्यावरच्या हजार हत्तींपेक्षा मैदानावरचा एक हत्ती मोठा का वाटतो? पहिले कारण म्हणजे तो त्याच हवेत श्वास घेत असतो, जिच्यात प्रेक्षक श्वास घेतो. चित्रपटातली दुर्घटना चित्रीकरणाच्या वेळीच टळलेली असते. रंगमंचावरची अजून टळायची असते. घोडा बिचकू शकतो, मशाल विझू शकते, उंच बुरुजावरून उडी घेणाऱ्या मावळ्याचा पाय चुकू शकतो. हे काहीही होऊ नये असे प्रेक्षकाला मनापासून वाटते आणि होऊ शकते हेही त्याला ठाऊक असते. या दोहोंच्या मधल्या जागेत थरार निर्माण होतो.

दुसरे कारण श्रमांचे. भव्य नाटकात माणसांचे कष्ट डोळ्यांना दिसतात. दीडशे माणसे एका ठेक्यावर पाऊल टाकतात, तेव्हा त्यामागच्या तालमींचा अंदाज अडाण्यालाही येतो. यंत्राने केलेल्या गोष्टीचे कौतुक वाटते. माणसांनी मिळून केलेल्या गोष्टीचा अभिमान वाटतो.

तिसरे कारण समुदायाचे. पालखी, जत्रा, रथोत्सव, गणपतीची मिरवणूक यांत वाढलेल्या समाजाला भव्यता एकट्याने पाहण्याची सवय नाही. शेजारच्या अनोळखी माणसाच्या तोंडून निघालेला 'अहाहा' आपल्या विस्मयाला दुजोरा देतो. महानाट्याला जाणारी माणसे नाटकाला जातात, तशी उत्सवालाही जातात. शिवचरित्राचे प्रसंग बहुतेकांना शाळेपासून पाठ असतात. पुढे काय होणार, याची उत्सुकता त्यांना नसते. ठाऊक असलेली गोष्ट सर्वांनी मिळून पुन्हा अनुभवावी, ही त्यांची इच्छा असते.

मात्र येथेच एक विरोधाभासही आहे. मोकळ्या मैदानावर हजारो प्रेक्षकांपर्यंत आवाज पोहोचावा, म्हणून महानाट्याचे संवाद सहसा आधी ध्वनिमुद्रित केलेले असतात. कलावंत त्यांवर अंगविक्षेप करतात. म्हणजे हत्ती खरा, घोडा खरा, मशालही खरी; पण राजाचा आवाज यंत्रातून आलेला. शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला नटाचे डोळेही दिसत नाहीत. आकार वाढत जातो, तसतसे नाटकातले माणूस लहान होत जाते.

ही अडचण नवी नाही. भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात नाट्यमंडपाचे ज्येष्ठ, मध्यम आणि कनिष्ठ असे आकार सांगितले आणि माणसांसाठी मध्यम आकाराची, म्हणजे ६४ हात लांब व ३२ हात रुंद अशा मंडपाची शिफारस केली. कारणही दिले आहे. मंडप फार मोठा असला तर संवाद स्पष्ट ऐकू येत नाहीत आणि मुद्रेवरचे भाव दिसत नाहीत. आहार्य अभिनयाचा विचार करतानाही त्यांची दृष्टी व्यवहाराची आहे. अलंकार आणि शस्त्रे खरी व जड नकोत. नट थकेल, त्याच्या हालचाली मंदावतील. हलक्या सामग्रीतून ती बनवावीत, असे ते सांगतात. ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल यानेही शोकांतिकेच्या सहा घटकांत दृश्याला शेवटचे स्थान दिले. भय आणि करुणा दृश्यातूनही जागविता येतात, पण कथानकाच्या बांधणीतून जागविणे श्रेष्ठ, असे त्याचे मत. दृश्याची ताकद या दोघांनीही नाकारली नाही. त्यांनी तिला तिची जागा दाखवून दिली.

किंमत कोण मोजतो?

भव्यतेचा आणखी एक हिशेब आहे. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये प्रयोगक्षम कलांच्या अर्थकारणाचा अभ्यास मांडला. कारखान्यात यंत्रे सुधारली की तेवढ्याच माणसांकडून अधिक माल निघतो. चार वादकांची रचना वाजवायला मात्र दोनशे वर्षांपूर्वी जितकी माणसे आणि जितका वेळ लागत असे, तितकाच आजही लागतो. बाहेरची मजुरी वाढते, तशी कलावंतांची वाढवावी लागते. उत्पादकता मात्र वाढत नाही. दोनशे कलावंतांच्या महानाट्याला हे गणित दोनशे पटींनी लागू पडते. तिकीट वाढते, प्रायोजक लागतो, मैदानाचे भाडे, वाहतूक, जेवणखाण यांचा मेळ घालता घालता निर्माता मेटाकुटीला येतो. गंधर्व नाटक मंडळीची हिशेबवही याहून निराळे काय सांगत होती?

पैसा ओतला म्हणजे विस्मय हुकमी मिळतो, हाही भ्रमच. याचे बोलके उदाहरण ज्युली टेमर या दिग्दर्शिकेच्याच दोन नाटकांत सापडते. १९९७ मध्ये त्यांनी ब्रॉडवेवर 'द लायन किंग' आणले. त्यातही एक हत्ती आहे. तो प्रेक्षकांमधून चालत रंगमंचाकडे येतो आणि त्याच्या चार पायांत चार माणसे असतात. ती लपविण्याचा फारसा प्रयत्न नाही. माणूस आणि प्राणी दोन्ही एकाच वेळी दिसतात आणि प्रेक्षकाची कल्पनाशक्ती उरलेले काम करते. त्याच टेमर यांनी आरंभिलेले 'स्पायडरमॅन: टर्न ऑफ द डार्क' सुमारे साडेसात कोटी डॉलर खर्चाचे होते. नट प्रेक्षकांच्या डोक्यावरून उडत असत. पूर्वप्रयोगांच्या काळातच अनेक कलावंत जखमी झाले, २०११ मध्ये टेमर यांना बाजूला व्हावे लागले आणि जानेवारी २०१४ मध्ये मोठा तोटा सोसून ते बंद पडले. पहिल्या नाटकात प्रेक्षकाला काही करायला उरले होते. दुसऱ्यात सारे काही त्याच्यासाठी आधीच करून ठेवले होते.

मराठी रंगभूमीला हे १९७२ मध्येच उमगले होते. 'घाशीराम कोतवाल'मध्ये पडदा नाही, राजवाडा नाही. ओळीने उभ्या राहिलेल्या माणसांची भिंत होते; तीच भिंत कधी पुण्याचे ब्राह्मण, कधी पडदा, कधी गर्दी बनते. विजय तेंडुलकरांचे लेखन, जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन, भास्कर चंदावरकर यांचे संगीत आणि कृष्णदेव मुळगुंद यांचे नृत्य यांतून उभा राहिलेला हा प्रयोग कमी दिपविणारा नव्हता. त्यात खर्च झाला तो माणसांचा, शिस्तीचा आणि लयीचा.

म्हणून भव्य नाटकांची सरसकट हेटाळणी करणे जसे अन्यायाचे, तसेच त्यांच्या झगमगाटापुढे लोटांगण घालणेही घातक. अनेक कुटुंबांतल्या मुलांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलेले नाटक हे महानाट्यच असते. तो हत्ती त्यांना रंगभूमीच्या दारापर्यंत आणतो, हे त्याचे मोठे ऋण आहे. परंतु दारापलीकडे काहीतरी असावे लागते. तालुक्याच्या गावातले नाट्यगृह नीट चालू असावे लागते, तिथे पंधरा माणसांचे नाटक परवडावे लागते, शेवटच्या रांगेतूनही नटाचे डोळे दिसावे लागतात. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानी पडले, तेव्हा शहरातली माणसे तिथे जमून हळहळत होती. शाहू महाराजांच्या काळात, १९१५ मध्ये, उभ्या राहिलेल्या त्या वास्तूत त्यांनी काय पाहिले होते? कुणी भरजरी पडदे, कुणी दोन खुर्च्यांचे नाटक. जळाली ती मात्र दोहोंना आसरा देणारी जागा.

मैदानावरचा किल्ला दुसऱ्या दिवशी उतरविला जातो. फळ्या ट्रकमध्ये चढतात, रंगविलेले बुरुज घडी होऊन दोरीने बांधले जातात. हत्ती पाहून घरी गेलेले मूल पुढच्या महिन्यात आईकडे पुन्हा नाटकाचा हट्ट धरते की नाही, आणि धरलाच तर त्याला नेण्याजोगे नाट्यगृह गावात आहे की नाही, यावर त्या भव्यतेचे खरे मोल ठरते.